एव्हरीथिंग: डिस्क बंद पडली, पण तिची यादी हाताशी होती (वापरानंतरचा अनुभव)

माझी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क नुकतीच गेली. आधी टकटक आवाज यायला लागला, मग विंडोजला ती दिसेनाशीच झाली. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. वॉरंटीचे थोडे दिवस शिल्लक होते म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. डिस्क बदलून देऊ म्हणाले, आणि आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही, हेही त्याच दमात सांगून टाकलं. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते, हे कागदावर छापलेलं असतंच. तरी समोरचा माणूस ते इतक्या थंडपणे सांगतो तेव्हा डोकं तापतं.

डेटा रिकव्हरीवाल्याचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, यातलं नक्की काय हवंय?” प्रश्न बरोबर आहे. डिस्क मरायला टेकलेली असली की ते गरजेचा भाग आधी वाचून घेतात, कारण वाचताना ती आणखी बिघडू शकते. पण चार-पाच वर्षांत साठत गेलेल्या डिस्कवर नक्की काय होतं, हे कोण सांगू शकतं? बहुतेक लोक “सगळंच काढा” म्हणतात आणि तसे पैसे मोजतात. माझ्याकडे मात्र त्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची यादी होती: नाव, फोल्डर, आकार, तारीख. एव्हरीथिंगने बनवलेली.

एव्हरीथिंग बऱ्याच जणांना माहीत असेल. डेव्हिड कार्पेंटर यांचा, व्हॉइडटूल्स या नावाने मिळणारा, विंडोजसाठीचा फुकट सर्च प्रोग्रॅम. नाव टाइप करता करता फाइली समोर येतात. हा वेग कुठून येतो तेही थोडक्यात सांगते. एनटीएफएस (फाइली साठवायची विंडोजची नेहमीची पद्धत) पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची नोंद एका मास्टर फाइल टेबलमध्ये असते. एव्हरीथिंग फोल्डरमागून फोल्डर धुंडाळत बसत नाही, ते टेबलच वाचून घेतो. पुढचे बदल त्याला विंडोजच्या यूएसएन जर्नलमधून, म्हणजे फाइलींतल्या बदलांच्या नोंदवहीतून, कळत राहतात. बनवणाऱ्याच्या म्हणण्यानुसार दहा लाख फाइलींची पहिली नोंद व्हायला साधारण एक मिनिट लागतं आणि मेमरी ७५ एमबीच्या आसपास. माझा कॉम्प्युटर जुना आहे, रॅम वाढवायची माझी तयारी नाही, त्यामुळे हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला.

सुरुवातीचे काही आठवडे मी याला फक्त ‘बरा आहे’ या खात्यात टाकलं होतं. तक्रार एकच: हा नावं शोधतो, आतला मजकूर नाही. मजकूर शोधण्याची सोय आहे, पण त्या वेळी तो एकेक फाइल उघडून वाचत बसतो आणि वेग सगळा संपतो. त्या कामाला विंडोजचा स्वतःचा सर्चच बरा, तो मजकूराची नोंद आधीच करून ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक असे ठरावीक फोल्डरच बघतो. सर्च सेटिंगमध्ये ‘एन्हान्स्ड’ निवडलं की मग सगळा कॉम्प्युटर. मी आजही दोन्ही वापरते.

दुसरी अडचण म्हणजे स्पेलिंगला हा माफी देत नाही. एक अक्षर चुकलं की यादी रिकामी. उलट शब्दांचा क्रम कसाही चालतो, मधे जागा सोडली की दोन्ही शब्द असलेल्या फाइली येतात. देवनागरी नावंही शोधता येतात. फक्त ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरं वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांनी लिहिली जातात, दिसायला सारखी असली तरी. अशा शब्दाचा निम्माच तुकडा टाइप करावा.

माझं मत खरं बदललं ते फाइल लिस्टमुळे. या सोयीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला ती या प्रोग्रॅममधली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. टूल्स मेनूत फाइल लिस्ट एडिटर आहे. त्यात एखादं फोल्डर किंवा अख्खी डिस्क दिली की तो आतल्या सगळ्या फाइलींची यादी करतो आणि ती ईएफयू नावाच्या फाइलमध्ये सेव्ह करता येते. मग ऑप्शन्समध्ये इंडेक्सेसखाली फाइल लिस्ट्समध्ये ती जोडायची. यानंतर डिस्क कपाटात असली तरी तिच्यावरच्या फाइली सर्चमध्ये दिसतात. उघडत नाहीत अर्थात, पण कुठे आहेत ते कळतं. पेनड्राइव्ह, डीव्हीडी, नेटवर्कवरचं फोल्डर, कशाचीही यादी करता येते. ग्रंथालयात पुस्तक बाहेर गेलेलं असलं तरी त्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये असतं, तसं.

मी माझ्या सगळ्या जुन्या डिस्क एकेक करून लावल्या, याद्या केल्या, आणि त्या वेळी एवढंच डोक्यात होतं की फाइल शोधायला दर वेळी चार डिस्क लावून बघाव्या लागणार नाहीत. मेलेल्या डिस्कसाठी ही यादी कामाला येईल असा विचारही नव्हता.

ती गेली तेव्हा मी तिच्या यादीतलं एकेक मोठं फोल्डर घेऊन त्यातल्या नावांचा सर्च केला. प्रत्येक नावापुढे दिसत होतं की तीच फाइल आणखी कुठल्या डिस्कवर आहे. नाव आणि आकार दोन्ही जुळले की ती प्रत मी हिशेबात धरली. नुसत्या नावावर जाऊ नका, ‘फायनल’ किंवा ‘बिल’ नावाच्या फाइली प्रत्येकाकडे ढिगाने असतात. कॅमेऱ्याचे फोटो तर आणखी वाईट. कॅमेरे ठरावीक अक्षरं आणि चार आकडे अशी नावं देतात, ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिथे आकार आणि तारीख बघावीच लागते.

संध्याकाळभर हे करत बसले. फोटो जवळजवळ सगळे दुसरीकडे होते. स्कॅन केलेल्या कागदांच्या मूळ प्रती घरी होत्या. एका जुन्या कामाचे काही व्हिडिओ आणि गाण्यांचं एक फोल्डर एवढंच कुठेच नव्हतं. गाणी पुन्हा मिळतील. व्हिडिओंचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण त्यासाठी रिकव्हरीचा खर्च करायचा नाही असं मी ठरवलं आणि डिस्क बदलून घेतली. यादी नसती तर मी घाबरून संपूर्ण रिकव्हरीला ‘हो’ म्हटलं असतं.

आता याच सोयीतली मोठी खोट. हिच्यामुळे मला इतका त्रास झाला की हिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं. यादीत फाइलचा पूर्ण पत्ता जातो, म्हणजे ड्राइव्हचं अक्षरही. आणि एक्स्टर्नल डिस्क एकेक करून लावल्या की विंडोज बऱ्याचदा सगळ्यांना तेच मोकळं अक्षर देतं. माझ्या निम्म्या याद्या ‘ई’ ड्राइव्हच्या नावाने तयार झाल्या! सर्चमध्ये फाइल दिसते, पत्ता ‘ई’, फोल्डर ‘फोटो’. पण कोणता ‘ई’? पत्त्यात डिस्कचं नाव येत नाही. या सोयीचा सगळा उद्देशच डिस्क ओळखण्याचा आहे, आणि पत्ता बघून नेमकं तेच कळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येक डिस्कला कायमचं वेगळं अक्षर द्यायचं. त्या कॉम्प्युटरला ते लक्षात राहतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही. म्हणून मी दुसरा उपाय केला: प्रत्येक डिस्कवर सर्वांत वर एकच फोल्डर, त्याला त्या डिस्कचं नाव, आणि सगळ्या फाइली त्याच्या आत. तेच नाव स्टिकरवर लिहून डिस्कवर चिकटवलं. एकाच डिस्कवर हलवाहलव असली की फाइली कॉपी होत नाहीत, फक्त नोंद बदलते, त्यामुळे हे काम मिनिटभरात होतं. मग याद्या पुन्हा केल्या. आता अक्षर कोणतंही असो, पत्त्यात डिस्कचं नाव असतं. यादी करण्याआधीच हे करून ठेवा, नंतर सगळं दोनदा करावं लागतं.

ईएफयू ही साधी मजकुराची फाइल आहे, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली. नोटपॅडमध्ये उघडते, म्हणून उद्या हा प्रोग्रॅम बंद झाला तरी यादी वाचता येईल, याचा मला मोठा दिलासा आहे. मात्र ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. तारखा तिथे १६०१ सालापासून मोजलेल्या १८ अंकी आकड्यांत असतात आणि एक्सेल १५ अंकांपुढचं जपत नाही. सेव्ह केलं की तारखा बिघडल्या.

आणखी एक मर्यादा: यादी म्हणजे त्या दिवशीची स्थिती. नंतर डिस्कवर भर घातली तर यादीला ते कळत नाही. मी यादीच्या नावातच तारीख लिहिते आणि डिस्क लावून काही कॉपी केलं की काढण्याआधी नवी यादी करते.

डिस्क भरली असताना मोठ्या फाइली शोधायलाही हा चांगला आहे. आकाराच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत मोठ्या फाइली वर येतात. मला असे जुने, विसरलेले व्हिडिओ आणि इन्स्टॉलर सापडले, नवी एसएसडी घेण्याचा बेत मी त्यामुळे पुढे ढकलला. पण सावध राहा. या यादीत विंडोजच्या स्वतःच्या फाइलीही असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल वगैरे, आणि डिलीटचं बटण इथेही चालतं. ओळखीची नसलेली फाइल इथून पुसू नये. विंडोजच्या फोल्डरात एकच फाइल अनेक नावांनी नोंदवलेली असते, हार्ड लिंक म्हणतात त्याला, त्यामुळे तिथल्या आकारांची बेरीजही खरी समजू नये.

पेनड्राइव्ह आणि काही एक्स्टर्नल डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीच्या असतात. तिथे मास्टर फाइल टेबल नसतं, म्हणून ते फोल्डर वेगळे जोडावे लागतात आणि एव्हरीथिंग ते नेहमीसारखे, सावकाश चाळतो. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, ‘माझी फाइल सापडतच नाही’.

शेवटी, ज्या घरांत एक कॉम्प्युटर सगळे वापरतात त्यांच्यासाठी. मास्टर फाइल टेबल वाचायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ते दर वेळी द्यायला नकोत म्हणून एव्हरीथिंगची सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा भाग) इन्स्टॉल करता येते, आणि मग साध्या अकाउंटवरूनही डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं दिसतात, दुसऱ्याच्या अकाउंटमधल्यासुद्धा. फाइल उघडत नाही, विंडोज अडवतं, पण नाव दिसतं. वैद्यकीय रिपोर्ट, नोकरीचा अर्ज, कर्जाचे कागद, यांची नावंच पुरेसं सांगून जातात. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सर्व्हिस चालू आहे. घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवरून मी एव्हरीथिंग काढून टाकला आहे आणि तिथे आम्ही विंडोजच्या सर्चवरच भागवतो. नेटवर्कवरून फाइली शोधू देणारे एचटीटीपी आणि ईटीपी सर्व्हरही यात आहेत. ते मुळात बंद असतात, आणि नक्की कशासाठी हवेत ते ठाऊक नसेल तर बंदच ठेवावेत.