एकासणे की आयंबिल?
जैन धर्माच्या श्वेतांबर परंपरेतील तपाची सुरुवात एकासण्याने करावी की आयंबिलाने, असा प्रश्न नवख्याला पडतो. दोन्हींत दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचे असते आणि पाणीही उकळलेलेच, सूर्यास्तापूर्वी प्यायचे असते. त्यामुळे भुकेच्या बाबतीत फारसा फरक नाही. ताटात मात्र मोठा फरक आहे. एकासण्यात नेहमीचे भक्ष्य (जैन आचारात खाण्यास योग्य) अन्न चालते, तर आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगयींसह (विकार वाढवणारे मानलेले पदार्थ) फळे व हिरव्या भाज्याही वर्ज्य असल्याने साधी शिजवलेली धान्ये-कडधान्येच उरतात, आणि जिभेची परीक्षा (माझ्या मते ती पोटाच्या परीक्षेहून अवघड असते) तिथेच होते. स्वयंपाकही वेगळा करावा लागतो. नोकरी सांभाळून वरचेवर तप करणाऱ्याने एकासणे निवडावे. ज्याला रसत्याग (चवीच्या पदार्थांचा त्याग) साधायचा असेल, त्याने चैत्र किंवा आश्विनातील ‘ओळी’ नावाच्या नऊ दिवसांच्या तपपर्वात आयंबिल करावे.