कॅम्पातील जुन्या लष्करी गणवेशांचे दुकान : कापड घ्यावे, बिल्ले घेऊ नयेत

पुणे कॅम्पात, महात्मा गांधी रस्ता आणि ईस्ट स्ट्रीट यांच्या आसपासच्या बोळांपैकी एका बोळात जुन्या लष्करी कपड्यांचे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही आणि ती लावण्याची मालकांची इच्छाही नाही, त्यामुळे येथेही नाव देत नाही. जुने गणवेश जमवण्याचा नाद असलेल्यांना ते एव्हाना ठाऊक असेल; नाद नव्याने लागलेल्यांनी कॅम्पातल्या एखाद्या जुन्या शिंप्याकडे चौकशी करावी. माझे मत आधीच सांगून टाकतो : येथून कापड निःशंक घ्यावे, बिल्ले, फिती आणि बटणे मात्र घेऊ नयेत, आणि ती कपड्यावर आधीच लावलेली असतील तर तो कपडा दुप्पट सावधपणे पाहावा.

असे दुकान पुण्यात चालते यात नवल नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे, बॉम्बे सॅपर्स ही लष्करी अभियंत्यांची तुकडी खडकीला, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला, एएफएमसी हे सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय वानवडीला आणि एनडीए ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला. त्यामुळे नोकरीत कधीतरी पुणे पाहिलेले आणि निवृत्तीनंतर येथेच घर केलेले अधिकारी दोन-तीन पिढ्यांपासून या शहरात आहेत. वानवडी-घोरपडीकडचा एखादा बंगला पाडून तेथे इमारत उभी राहायची वेळ आली, की माळ्यावरच्या काळ्या ट्रंका खाली येतात. पदके आणि तलवार कुटुंबात राहतात. कपडे कोणालाच नको असतात. ते एक तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर येतात, नाही तर या दुकानात. फरक एवढाच की जुन्या बाजारात ट्रंक फुटते, म्हणजे कोट एकाकडे, पट्टा दुसऱ्याकडे आणि कागद रद्दीत जातात, तर या दुकानाचे मालक शक्यतो ट्रंक अख्खी घेतात आणि कोणती वस्तू कोणत्या ट्रंकेतली हे एका लांब वहीत लिहून ठेवतात. गिऱ्हाइकाने विचारले तर त्या वहीतली नोंद दाखवतात, घराण्याचे नाव मात्र हाताने झाकून. या दोन्ही गोष्टींसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

दुकानात मुख्य माल दुसऱ्या महायुद्धापासून 1971 पर्यंतचा आहे. खाकी ड्रिलचे, म्हणजे जाड सुती कापडाचे कोट, बॅटलड्रेस म्हणून ओळखले जाणारे लोकरी लढाऊ गणवेश, ब्रह्मदेशच्या लढाईत आलेले जंगली हिरव्या रंगाचे शर्ट, ओव्हरकोट, मेसमध्ये घालायचे अधिकाऱ्यांचे आखूड जाकीट, पगडीची कापडे, पट्ट्या. कपडा उलटा करून पाहू देतात, हे या धंद्यात फार मोठे सौजन्य आहे. गणवेशाची दर्शनी बाजू कोणीही सजवू शकतो. अस्तर, शिवणीतला दोरा, खिशाच्या आतला कोपरा आणि कॉलरखालचा शिक्का यांत लबाडी करणे महाग पडते, म्हणून सहसा कोणी करत नाही. सैनिकाला कपडा सरकारकडून मिळत असे, तेव्हा त्याच्या आत शाईचा शिक्का, माप आणि साल सापडते. अधिकारी स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घेत असे, तेव्हा आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी आणि तिच्यावर शाईने लिहिलेले मालकाचे नाव असते. ही चिठ्ठी उसवलेली दिसली तर कारण विचारावे. कुटुंबाने काढून घेतली असेल तर ते योग्यच आहे, पण मग वहीत तशी नोंद असायला हवी.

मी घेतलेला खाकी ड्रिलचा कोट येथे थोडा तपशिलाने सांगतो, कारण दुकानाचे बरे-वाईट दोन्ही त्यात आहे. कॉलरखाली जांभळ्या शाईचा, अर्धा विटलेला शिक्का : सरकारी मालाच्या खुणेचा तीन रेषांचा बाण, मापाचा आकडा आणि 1943. कापड धुऊन धुऊन साईसारखे मऊ झालेले, कोपराजवळ आतून दुसऱ्या खाकी तुकड्याचे बारीक हाताने घातलेले ठिगळ. दोन्ही खांदेपट्ट्यांवर, जेथे पूर्वी पितळी अक्षरे होती, तेथे रंग भोवतालपेक्षा गडद राहिला आहे. या कोटांची पितळी बटणे शिवलेली नसत. बटणामागची कडी कापडातल्या काठ विणलेल्या छिद्रातून आत जाते आणि आतल्या बाजूने चावीच्या जुडग्याला असते तशी एक बारीक रिंग तिला अडकवते, म्हणजे कपडे धोब्याकडे टाकताना सगळी बटणे काढून ठेवता येतात. माझ्या कोटावर राजमुकुटाची बटणे होती, चकचकीत घासलेली. रिंगा मात्र नव्या कोऱ्या, निकेलच्या रंगाच्या, आणि छिद्रांभोवती वर्षानुवर्षांच्या दाबाने उमटलेली वर्तुळे त्या बटणांपेक्षा स्पष्टपणे लहान.

मालकांना हे दाखवले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "साहेब, गिऱ्हाइकाला मुकुट पाहिजे असतो," असे म्हणून त्यांनी खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून कोटाची मूळ बटणे निवडून दिली. ती होती अशोकस्तंभाच्या सिंहांची. 26 जानेवारी 1950 रोजी प्रजासत्ताक झाल्यावर लष्कराच्या चिन्हांतून मुकुट गेला आणि सिंह आले. पण कोठारातले आणि अंगावरचे कपडे काही एका रात्रीत बदलले नाहीत. युद्धकाळात शिवलेला कोट नव्या बटणांसह पुढे कित्येक वर्षे वापरात राहिला, आणि रिंगांची सोय असल्यामुळे हा बदल करायला सुईदोराही लागला नाही. म्हणजे 1943 चा शिक्का आणि सिंहाची बटणे यांत विसंगती नाही; उलट दोन राजवटी पाहिलेला कोट फक्त मुकुट पाहिलेल्या कोटापेक्षा आपल्याकडच्या संग्राहकाला अधिक मोलाचा वाटायला हवा. दुकानात मात्र हिशेब उलटा आहे. मुकुट लावला की किंमत वाढते, म्हणून चांगल्या-भल्या कपड्यांवरचे सिंह उतरवून डब्यात टाकले जातात. बनावट माल विकणे आणि खऱ्या मालाचा इतिहास पुसणे यांत मला दुसरा अपराध जास्त वाईट वाटतो, कारण बनावट वस्तू पुढेमागे ओळखता येते, पुसलेली खूण परत आणता येत नाही. तो डबा आवर्जून मागून पाहावा.

बिल्ल्यांचे तर विचारूच नये. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रणशिंग, पूना हॉर्स या घोडदळाच्या पलटणीची चिन्हे असा मागणी असलेला माल काचेच्या पेटीत मांडलेला आहे आणि त्यातला बराचसा अलीकडचा आहे. इटलीत यशवंत घाडगे यांनी 1944 साली आणि नामदेव जाधव यांनी 1945 साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हापासून मराठ्यांच्या इटलीतल्या पलटणींबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, आणि त्याच जिव्हाळ्यावर हा व्यापार चालतो. कापडी बिल्ला घ्यायचाच असेल तर अतिनील (यूव्ही) प्रकाशाची छोटी बॅटरी बरोबर ठेवावी. कापड शुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी रसायने महायुद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे त्या प्रकाशात निळसर चमकणारा दोरा संशयास्पद समजावा. मात्र खरा जुना बिल्लाही आजच्या साबणाच्या पावडरीने धुतला असेल तर चमकतो, हे लक्षात ठेवावे. अधिक खात्रीची परीक्षा म्हणजे मागच्या बाजूचा सुटलेला दोरा, मालकांच्या परवानगीने, पेटत्या काडीवर धरणे. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, लोकरीचा केस जळल्यासारखा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. महायुद्धातल्या बिल्ल्याला पॉलिएस्टरचा दोरा असण्याचे कारण नाही. पितळी बटणांच्या मागे लंडन-बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्यांची नावे कोरलेली असतात, पण जुन्या साच्यांवरून नव्याने काढलेला मालही बाजारात असल्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नये.

एका खुंटीवर "सरहद्दीवरचा लष्करी कोट" म्हणून एक पोस्तीन टांगलेला आहे, त्याबद्दलही लिहिले पाहिजे. मेंढीच्या कातड्याचा, लोकर आतून आणि पिवळ्या रेशमाचे भरतकाम बाहेरून, असा हा अफगाणी पोशाख. वायव्य सरहद्दीवरच्या आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांत कडाक्याच्या थंडीपायी सैनिकांनीही तो अंगावर चढवला, हे खरे आहे; 1878 ते 1880 च्या दुसऱ्या अफगाण युद्धाच्या छायाचित्रांत तो दिसतो. पण 1960-70 च्या दशकांत हेच कोट काबूलहून युरोपातल्या तरुण मंडळींसाठी ढिगांनी गेले, आणि दुकानातला नमुना त्याच काळातला असावा असे माझे मत आहे : बाह्यांची शिवण यंत्राची, दोऱ्याचा रंग भडक, आणि आत कसलाही शिक्का नाही. सरहद्दीचा कपडा म्हणून तो सुरेखच आहे, आणि तेवढ्याच किमतीला मिळाला तर मीही घेईन. लष्करी म्हणून लावलेली किंमत द्यायचे कारण नाही.

याउलट, ज्या वस्तूकडे कोणी वळूनही पाहत नाही ती या दुकानातली सर्वांत चांगली खरेदी आहे. 'बॉम्बे ब्लूमर्स' या थट्टेच्या नावाने ओळखली जाणारी ढगळ खाकी चड्डी. दिवसा पाय वर दुमडून बटणांनी अडकवायचे आणि संध्याकाळी डास सुरू झाले की खाली सोडायचे. दिसायला हास्यास्पद असल्यामुळे सैनिकांना ती आवडत नसे, आणि पुष्कळांनी खालचा भाग कापून तिची साधी अर्धी चड्डी करून टाकली. त्यामुळे न कापलेल्या, सगळी बटणे जागेवर असलेल्या चड्ड्या आज त्या मानाने थोड्या उरल्या आहेत. येथे त्या तळाच्या फळीवर घडी करून पडल्या आहेत आणि ड्रिलच्या कोटाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

मालाची निगा हा दुकानाचा सर्वांत कच्चा भाग आहे. सगळे कपडे लाँड्रीतून खळ घालून, कडक इस्त्री करून आणले जातात. ग्राहकाला टापटीप आवडते हे मान्य, पण खळ म्हणजे कसरीला आमंत्रण, आणि कडक घडी जेथे मोडते तेथेच जुना धागा तुटतो. पितळ पॉलिशने घासल्यामुळे नक्षी बोथट होते आणि पांढरी पूड शिवणीत अडकून राहते. लोकरी कपड्यांच्या खिशांत डांबरगोळ्या आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी, हे तर पुण्याच्या पावसाळ्यात नकोच : आतल्या आत दमटपणा कोंडतो, पितळ कळकते आणि बटणाखालच्या लोकरीवर हिरवा डाग पडतो. घेतलेला कपडा घरी आल्यावर आधी वेगळा ठेवावा. लोकरीचा असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. त्यानंतर धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, घड्यांत कापडाच्या वळकट्या घालून, कपाटात आडवा ठेवावा. खळ न घातलेला माल मागितला तर मालक लाँड्रीला जाण्यापूर्वीचा गठ्ठा दाखवतात. मी आता तोच पाहतो.

कायद्याच्या बाबतीत हे दुकान मला चोख वाटले. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो; देशाबाहेर ती खाजगीरीत्या नेता येत नाही. शंभर वर्षांची ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. पहिल्या महायुद्धातला गणवेश आता तिच्या पलीकडे गेला आहे. येथूनच निघालेली सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली आणि एप्रिल 1916 मध्ये तिने कुत येथे शरणागती पत्करली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या काळचे काही आपल्या घरात असेल तर ते दुकानात नेऊ नये, आणि नेले तरी येथे घेत नाहीत. 1920 च्या आधीचा एक लोकरी कोट विकायला आलेल्या गृहस्थांना मालकांनी माझ्यासमोर परत पाठवले आणि संग्रहालयाला विचारा असे सांगितले. चालू गणवेशाच्या बाबतीतही ते कडक आहेत. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या नव्या नक्षीच्या लढाऊ गणवेशाचे कापड ते ठेवत नाहीत, आणि चित्रपटासाठी म्हणून मागणाऱ्यांनाही नकार देतात. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या 168 व्या कलमाखाली गुन्हा आहे.

भावात घासाघीस चालते, पण बिल्ले लावलेल्या कपड्यावर फार कमी होत नाही. "बिल्ले काढून ठेवा, नुसत्या कोटाचा भाव सांगा" असे म्हटले की आकडा पटकन खाली येतो, आणि आपल्याला हवे तेच हाती पडते. पावती हाताने लिहून देतात. तिच्यावर शिक्क्यातले साल आणि वहीतल्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा. परत घेण्याची मुदत एक आठवडा, तीही कपडा धुतला नसेल तरच. दुकान दुपारनंतर उघडते, आणि आत उजेड इतका मंद आहे की शिवण पाहायची असेल तर कपडा दारात आणावा लागतो. त्याला मालकांची हरकत नसते.