चटचट आवाजाचे १७,०५० रुपये

जुन्या टीव्हीच्या दुरुस्तीत मी घालवलेला आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतरी घरात तो मला रोज ऐकवला जातोच. व्हिजिटचे ३५०, तीन व्हॉल्व्हचे (जुन्या सेटमधल्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्या) ३,६००, एलओटीचे (हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) ५,५००, पिक्चर ट्यूबचा ॲडव्हान्स ७,००० आणि टेम्पोचे ६००. एकूण १७,०५०. टीव्ही खरा दुरुस्त झाला तो नंतर, ८० रुपयांत.

टीव्ही वडिलांनी १९७६ साली घेतलेला. लाकडी कॅबिनेट, दोन्ही बाजूंना सरकणारं शटर, आत व्हॉल्व्ह. सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले १९७३ ला. त्यानंतर तीन वर्षं वडील पैसे साठवत होते. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला तो पुन्हा लावायचा, सेट-टॉप बॉक्स आणि त्याचा सिग्नल जुन्या टीव्हीला चालेलसा करून देणारा मॉड्युलेटर जोडून, ही कल्पना माझी. ‘भंगार जपून काय मिळवलंस’ असं विचारणाऱ्यांनी इथेच थांबावं, ते मला पोलिसांनी विचारून झालंय.

टीव्ही लागत होता. चित्रही येत होतं. फक्त पावसाळी हवेत पाच मिनिटांनी मागून चट्... चट्... सुरू व्हायचं, पडद्यावर पांढऱ्या रेघा चमकून जायच्या आणि वेल्डिंगच्या दुकानाबाहेर येतो तसा उग्र वास यायचा.

सोसायटीतल्या एकाने नंबर दिला. चाळिशीचा माणूस, खांद्याला बॅग, तोंडात ‘काका काका’. मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, “काका, पीएल ५०४, पीवाय ८८, डीवाय ८०२, तिन्ही डेड. एलओटी पण धरलीय.” तो हे बोलत असताना टीव्ही चालू होता. त्याच्या खांद्यावरून मला पडद्यावर बातम्या देणारी बाई दिसत होती!

या एका मिनिटावर मी आजवर किती रात्री घालवल्या असतील. चटचट होतंय म्हणजे पंधरा-सोळा हजार व्होल्ट तयार होतायत. ते तयार करतात पीएल ५०४ आणि एलओटी, आणि डीसी करून ट्यूबकडे पाठवतो डीवाय ८०२. हे मेले तर ठिणगी कशाची पडणार? पडदा काळा ठिक्कर पडेल. शिवाय या सेटमध्ये ‘पी’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हची फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकाला एक जोडलेली असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखी. एक तुटलं की सगळे विझतात. आमचे सगळे छान नारिंगी पेटलेले. दहावीच्या पोराला कळेल इतकी सोपी गोष्ट, आणि चौतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा मी म्हणालो, “बरं, किती होतील?”

माझी बाजूही ऐका. हे काम करणारे उरलेत किती? चार दुकानदार हसले, पाचव्याने एलईडीचं कॅटलॉग पुढे केलं. त्यात हा व्हॉल्व्हचे नंबर तोंडपाठ सांगतोय. समारंभाला अठरा दिवस उरलेले. अशा वेळी समोरचा जाणकारच वाटतो.

सेट टेम्पोने त्याच्याकडे गेला, नऊ दिवसांनी आला. ‘मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली’ नवी एलओटी त्याने कौतुकाने दाखवली. मी ५,५०० दिले. जुनी मागितली तर म्हणाला, “ती बदलीत द्यावी लागते काका.” चालू केला, तर चट्... चट्... शिवाय आता चित्र दोन्ही बाजूंनी बोट-बोटभर आत आलेलं. मग त्याने मला वाकायला लावलं, ट्यूबच्या मानेत बॅटरी मारली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आत लाल दिसतंय ना? हवा शिरलीय.” ते लाल म्हणजे ट्यूबचा हीटर. चालू असलेल्या प्रत्येक पिक्चर ट्यूबमध्ये तो दिसतोच, दिसला नाही तर काळजी करायची. त्यावर मी ७,००० रुपये पाठवले, त्याच्या भाच्याच्या नंबरवर. भाच्याच्या! बँकेत असताना कुणी असं केलेलं कळलं असतं तर मी त्याला केबिनमध्ये बसवून तासभर झापलं असतं.

तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

बायकोचे मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत म्हातारे झाले. त्यांना आधीच का विचारलं नाही, हा प्रश्न घरात विचारायला मनाई आहे. (त्यांचे हात थरथरतात, म्हणून.) ते आले, खोलीतले दिवे घालवायला सांगितले, एक हात खिशात घातला आणि नुसते बघत राहिले. अंधारात दोन मिनिटांनी ट्यूबला हाय व्होल्टेज जिथून जातं त्या रबरी टोपीभोवती जांभळट कड दिसायला लागली आणि तिथूनच ठिणगी उडाली. एलओटी शांत होती. प्लग काढला. स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून ती ट्यूबच्या अर्थिंगच्या जाळीला लावली, पातं टोपीखाली सरकवलं. टक्. बंद टीव्हीतून! पुन्हा एकदा तसंच केलं. म्हणून सांगतो, मी लिहिलंय ते वाचून स्वतः हात घालू नका. ट्यूब चार्ज धरून ठेवते आणि या सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडासुद्धा थेट विजेच्या लाइनवर असू शकतो.

टोपी पापडासारखी कडक, एका बाजूला केसाएवढी चीर. खाली काचेवर चाळीस-पन्नास वर्षांच्या धुळीची काळी कड. पावसाळ्यात हीच ओल धरते आणि करंटला वाट करून देते. मामांनी स्पिरिटने काच पुसली, पूर्ण वाळू दिली आणि जुन्या सामानातली टोपी बसवली. ८० रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून.

‘नव्या’ एलओटीच्या कोपऱ्यात झुरळाचं वाळकं अंडं होतं. टीव्ही पाठवण्यापूर्वी मी मोबाइलवर काढलेल्या फोटोतही ते आहे, त्याच कोपऱ्यात. फोटो सगळ्यांनी काढा, पण नंतर ते उघडून बघा. मी काढले होते.

आता आपली व्यवस्था. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, “बिल आहे का?” दुसरा, “असला टीव्ही ठेवता कशाला?” पैसे मोबाइलवरून गेलेत म्हणजे हे सायबरचं, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हे चौकीचं. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर अर्जाच्या दोन प्रती हव्यात, आणि झेरॉक्सचं दुकान बंद. चौथ्या खेपेला एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली, त्यातही ‘दूरचित्रवाणी संच’ऐवजी ‘दूरध्वनी संच’. दुरुस्त करा म्हटलं तर “अर्थ तोच आहे ना?” ग्राहकांच्या हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलत होती, पण तिला कंपनीचं नाव हवं होतं. कंपनी नाही, खांद्याला बॅग असलेला माणूस आहे, म्हटलं. ‘मग सर, तक्रार पुढे जात नाहीये.’ ग्राहक आयोगाकडे जायचं तर त्याचा पत्ता हवा. पत्त्यावर गाळा आहे, त्याला कुलूप आहे, आणि गाळामालक मलाच दोन महिन्यांचं भाडं मागतोय.

जुना पार्ट हातात पडल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका. दुरुस्ती समोर बसून, घरातच करून घ्या. ट्यूबमध्ये हवा शिरली म्हणणाऱ्याला विचारा, मग चित्र कसं येतंय?

एक राहिलं. मामांनी ते तीन व्हॉल्व्ह काढून बघितले. पिना खरवडलेल्या, काचेवरची अक्षरं पुसलेली, नवे तर नाहीतच. चित्र आकसलं ते या दमलेल्या पीएल ५०४ मुळे. मग मामांनी विचारलं, “ठिपके कुठे गेले?” तेव्हा आठवलं. मेकॅनिकने माल बदलू नये म्हणून वडिलांनी प्रत्येक व्हॉल्व्हच्या तळाशी, काचेवर, आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. बाकीच्यांवर तो आहे, भाजून विटकरी झालेला. हे मी लहानपणी शेजारी बसून पाहिलं होतं.

आमचे तिन्ही व्हॉल्व्ह चांगले होते, म्हणजे कुठेतरी विकले गेले असणार. जुन्या बाजारात कुणाला तळाशी विटकरी ठिपका असलेला पीएल ५०४ दिसला, तर कळवा. पैसे देईन. बिल मात्र लागेल.