बीबीएच्या नावाखाली ८७,५०० रुपये गेले, आणि पावतीवर सगळं छापलेलं होतं

मुलीला बीबीएला घातलं आणि ते कॉलेजच खोटं निघालं. आधी आकडा सांगते, कारण नातेवाईक तो आपापल्या सोयीने वाढवून राहिले आहेत. रजिस्ट्रेशन ५,९००. डाउन पेमेंट २१,६००. ब्लेझर आणि 'कॉर्पोरेट किट' ६,५००. परीक्षा फॉर्मचे म्हणून ३,५००, हे रोख, पावती नाही. आणि दहा-दहा हजारांचे पाच हप्ते, म्हणजे ५०,०००. एकूण ८७,५००. फायनान्स कंपनीचे ७०,००० अजून माझ्या नावावर उभे आहेत आणि हप्ता परत गेला की ५९० रुपये दंड वेगळा. अडीच लाख वगैरे काही नाही. भाऊजींनी हे वाचलं तर बरं होईल.

ऑफिस कसं होतं, एसी किती थंड होता, काउन्सेलर मॅडम किती गोड बोलत होत्या, ते सांगत बसत नाही. सगळीकडे तसंच असतं. मला सांगायचं आहे ते आमच्यासारखी, रोज बिलं तपासणारी माणसं यात कशी जातात ते.

२०२४ चा गोंधळ आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तांत्रिक आणि मॅनेजमेंट कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स आपल्या अखत्यारीत घेतले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यासाठी पहिल्यांदाच वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लावली. तोवर बारावीचे मार्क घेऊन कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, काम झालं. त्या वर्षी कॉमर्सच्या किती पोरांना कळलं होतं हे? बारावीचा निकाल लागला २१ मेला, सीईटी होती २९ मेला, आणि फॉर्मची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली. ज्युनिअर कॉलेजात कोणी एक नोटीस लावली असती तरी पुरे होतं. माझ्या मुलीला ७१ टक्के, एचआरमध्ये जायचं हे दहावीपासून पक्कं, आणि सीईटी दिलेली नाही. मोठ्या कॉलेजांत विचारलं तर 'कॅप राउंड (सीईटीवरची केंद्रीय प्रवेश फेरी) बघा' एवढंच उत्तर. काही कॉलेजांनी तर एआयसीटीईची भानगड नको म्हणून कोर्सचं नावच बदलून टाकलं होतं. बीबीए कुठे संपतं आणि 'बीकॉम मॅनेजमेंट' कुठे सुरू होतं हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

मुलीच्या मोबाईलवर नेमकी तेव्हाच जाहिरात आली: सीईटी राहिली? बीबीए थांबणार नाही. वर्ग इथेच नागपुरात, धरमपेठेत, पदवी दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची, 'इंडस्ट्री इंटिग्रेटेड', दुसऱ्या वर्षापासून मिहानमध्ये इंटर्नशिप. तिथला सर म्हणाला, "मॅडम, सीईटीचं टेन्शन काहून घेता? आमच्याकडे लागतच नाही." बरोबरच बोलला म्हणा. जिथे पदवीच नाही तिथे सीईटी कशाला लागेल?

भिंतीवर फ्रेमा होत्या. एक आयएसओची, एक उद्यम नोंदणीची (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद), अशोकस्तंभ असलेली. 'सरकारमान्य' ते हिच्याकडे बोट दाखवून म्हणत. उद्यम नोंदणी पापड लाटणाऱ्या बाईलाही ऑनलाइन फुकट मिळते, तिचा पदवीशी काडीचा संबंध नाही. कॉलेज एआयसीटीईचं आहे की नाही हे एआयसीटीईच्या साइटवर राज्य आणि कोर्स टाकून दिसतं. फ्रेमा पाहू नका, ती यादी पाहा.

आता पावती.

मी वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये अकाउंट पाहते. दिवसभर बिल्टी, भाड्याची बिलं, जीएसटीचे कोड. बिलावर मालवाहतुकीचा ९९६५ चा कोड नसेल तर मी ते परत पाठवते, मालकाचा फोन आला तरी. अशा बाईच्या हातात त्या माणसाने छापील पावती ठेवली. कोर्स फी १,२०,०००. सीजीएसटी ९ टक्के, १०,८००. एसजीएसटी ९ टक्के, १०,८००. एकूण १,४१,६००. खाली बारीक अक्षरात एसएसी, म्हणजे सेवेचा जीएसटी कोड, ९९९२९३.

९९९२९३ म्हणजे कमर्शियल ट्रेनिंग आणि कोचिंग. टायपिंग क्लास, स्पोकन इंग्लिश, स्पर्धा परीक्षेची शिकवणी, ते सगळं यात येतं. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणावर जीएसटी नसतोच, ती सेवा करमुक्त आहे. खरं कॉलेज विद्यार्थ्याच्या फीवर अठरा टक्के लावत नाही. म्हणजे त्या कागदाने मला स्वच्छ सांगितलं होतं की बाई, हे कॉलेज नाही, हा क्लास आहे. २१,६०० रुपयांचा कर लावून सांगितलं होतं. मी तो कागद वाचला. बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आता यावर कोणी मला शहाणपण शिकवायला येऊ नका. माझी बाजूही ऐका. आपल्याकडे प्रवेश म्हटला की काय डोळ्यासमोर येतं? डोनेशन. रोख द्या, पावती मागू नका. कॅपिटेशन फीला राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे आणि तरी प्रत्येक घरात एक तरी किस्सा आहे. त्यात हा माणूस यूपीआयने पैसे घेतो, जीएसटी नंबर टाकून पावती देतो. आमचे हे घरी आल्यावर म्हणाले, "बघ, सगळं पांढऱ्यात घेऊन राहिले." मलाही तेच वाटलं. आमच्या धंद्यात बिल देणारा तोच खरा. पंधरा वर्षं ज्या कसोटीवर काम केलं तीच इथे लावली. त्यात माझं काय चुकलं, सांगा.

त्याच टेबलावर दुसरा प्रकार झाला. उरलेले १,२०,००० 'बिनव्याजी हप्त्यांत' म्हणून त्यांच्या पोराने "मोबाईल द्या मॅडम, दोन मिनिटं" असं म्हणत आधार, पॅन, सेल्फी सगळं उरकलं. ओटीपी आले ते मीच वाचून दाखवले. मग मेसेज आला: कर्ज मंजूर, १,२०,०००. मी विचारलं, कर्ज कसलं? "ते सिस्टिमचं असतं, सगळ्यांनाच येते." रक्कम माझ्या खात्यात आलीच नाही, फायनान्स कंपनीकडून सरळ त्यांना गेली, आणि माझ्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापायची परवानगीही त्याच दोन मिनिटांत दिली गेली. म्हणून कोर्स चालो न चालो, त्यांना फरक पडत नव्हता. त्यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल. अशा डिजिटल कर्जातून बाहेर पडायला रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान तीन दिवसांची मुदत मिळायची. ते ज्या पत्रकात लिहिलेलं असतं ते पत्रक ईमेलवर आलं होतं. प्रवेशाच्या आनंदात ईमेल कोण उघडतं?

फी 'ईएमआय'ने भरा असं कोणी म्हटलं की एकच विचारा: पैसे कोण देणार, तुम्ही की कंपनी? आणि फोन हातातून सोडू नका.

जुलै ते डिसेंबर वर्ग झाले, खोटं कशाला बोलू. एक्सेल, पीपीटी, ग्रूमिंग, मॉक इंटरव्ह्यू. अकाउंट्सचा तास मोजकाच, इकॉनॉमिक्सचा नाहीच. एनरोलमेंट नंबर मागितला की 'पोर्टल बंद आहे'. परीक्षेचे ३,५०० घेतले आणि मग 'विद्यापीठाचं सेशन पुढे गेलं'. जानेवारी २०२५ मध्ये कुलूप. घरमालक सांगत होता, त्याचंही भाडं बुडालं. मी त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर लावला. नागपुरात आमचं केंद्र नाही, या नावाची विद्यार्थिनी नाही, फोन ठेवला. बरं, केंद्र असतं तरी उपयोग नव्हता. खासगी विद्यापीठाने परराज्यात असे फ्रँचायझी वर्ग चालवून पदवी द्यायची नाही, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) कधीच सांगून ठेवलं आहे. डिस्टन्स किंवा ऑनलाइन पदवी असेल तर प्रवेश थेट विद्यापीठाच्या साइटवर होतो आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. मधला माणूस आला की उठा.

माझा जीव कशात अडकला आहे सांगू? ४ ऑगस्ट २०२४ ला बीबीएची सीईटी पुन्हा झाली. जागा लाखावर आणि पहिली परीक्षा दिलेले त्याच्या निम्मेही नाहीत, म्हणून. पोरीने विचारलं होतं, देऊ का? तोच सर म्हणाला, "कशाला, तुझं तर झालं ना." आणि त्याच जुलैच्या ८ तारखेला शासनाने जीआर काढला होता: कॅपमधून व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आम्ही ओबीसी. दोघांचा पगार मिळून आठ लाख कधी पाहिले नाहीत. त्या राउंडला गेलो असतो तर निदान अर्ज तरी करता आला असता. आम्ही १८ टक्के कर भरत होतो.

आता साहेब लोकांकडे वळते.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "बाई, तुम्ही सहीनिशी पैसे दिले, यात चोरी कुठे झाली? हे दिवाणी आहे." दुसरं, "ऑफिस आमच्या हद्दीत नाही." १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलं आहे. हे मी बोलून दाखवलं तर समोरचा म्हणाला, "मग तुम्हीच लिहा एफआयआर." अर्ज घेतला, शिक्का मारला, फाइलला लावला. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे ओटीपी तुम्हीच दिला, हा सायबर फ्रॉड धरता येत नाही.

शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी संस्थेचं नाव यादीत शोधलं आणि सुटल्यासारखे म्हणाले, "ही आमच्याकडे नोंदलेलीच नाही, आम्ही कारवाई कशावर करणार?" नागपूर विद्यापीठात विचारलं: संलग्न नाही, आमचा संबंध नाही. केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकली, ती काही आठवड्यांनी बंद झाली, शेरा असा की संस्था मान्यताप्राप्त नसल्याने विषय अखत्यारीत येत नाही. अहो, मान्यता नाही हीच तर तक्रार आहे! मान्यता असलेल्या कॉलेजने ब्लेझरचे पाचशे जास्त घेतले तर त्याच्यासाठी फी नियामक आहे, प्रवेश नियामक आहे, कुलगुरू आहेत. आणि जो पूर्ण खोटा त्याला विचारणारा एकही नाही, कारण तो खोटा आहे. बोर्ड मुख्य रस्त्यावर होता, माणूसभर उंच, 'बीबीए' असा. या सगळ्या साहेबांच्या गाड्या त्याच्यासमोरून रोज गेल्या असतील. यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत वर्षानुवर्षे नागपूरचं एक नाव आहे. यादी दरवर्षी निघते, पेपरात छापून येते, संपलं.

मी राहते दत्तवाडीला. बर्डीला (सीताबर्डीला) जाताना अमरावती रोडवर नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस रोज दिसतो. लोक म्हणतात, एकदा आत जाऊन विचारायचं होतं. नंतर विचारलं ना, काय मिळालं ते वर लिहिलं आहे. तरी तुम्ही विचारा, आणि तेही पैसे देण्याआधी. संलग्न कॉलेजांची यादी मागा, तोंडी उत्तर घेऊ नका.

फायनान्स कंपनीचा वसुलीवाला सकाळी साडेसातला फोन करतो. मी हप्ता थांबवला आहे, सिबिल पडलं, पडू दे. अशांना आधी लेखी तक्रार करा, ईमेलने, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे.

वकील एका ओळखीच्या बाईने गाठून दिला. त्याने ती पावती उलटसुलट पाहिली आणि खूश झाला. शिक्षण संस्थांविरुद्ध ग्राहक आयोगात जाणं अवघड झालं आहे, पण कोचिंगला ती सूट नाही म्हणे. आणि कोचिंग आहे हे त्यांनीच कोड टाकून कबूल केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. रोख दिलेल्या ३,५०० चा मात्र कागद नाही, ते विसरा असं तो म्हणाला. म्हणून सांगते, पन्नास रुपयेही रोख देऊ नका.

माझ्या मुलीच्या बॅचला चाळीसच्या आसपास मुलं होती. बहुतेकांचे आईवडील लाजेने गप्प आहेत. एकजण तर म्हणाला, पोरीचं लग्न ठरायचं आहे, नाव नको. पण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि चाळीस पावत्या एकाच कोडच्या समोर ठेवल्या तर 'दिवाणी आहे' म्हणणाऱ्यालाही जरा विचार करावा लागेल. तुमच्याकडे धरमपेठेतल्या त्या ऑफिसची जीएसटीवाली पावती असेल तर ती फेकू नका. कर्जमंजुरीचा मेसेज डिलीट करू नका, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. त्यांचाच एक पोरगा आता मानेवाड्याकडे नव्या नावाने बसतो असं कानावर आहे. बोर्ड दिसला तर फोटो काढा, तारखेसकट.