इंग्रजी शिकायला रोबोट घ्यावा की टॅबलेटवर भागवावं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा एवढाच हेतू असेल, तर टॅबलेटवर भागतं. नेदरलँड्समध्ये १९४ मुलांवर हे ताडून पाहिलं गेलंय. ‘नाओ’ नावाचा जेमतेम दोन फुटी रोबोट, सात धडे, ३४ इंग्रजी शब्द. काही मुलांना टॅबलेटच्या जोडीला रोबोट होता, काहींना नुसता टॅबलेट. २०१९ मध्ये निकाल आला: दोन्हीकडची मुलं सारखीच शिकली. रोबोट हातवारे करून शब्द समजावत होता, त्यानेही काही फरक पडला नाही.

मग रोबोटसाठी जास्तीचे पैसे कशाला? तर मूल त्याच्याशी बोलतं, म्हणून. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर दोन केसाळ रोबोट ठेवले. दोघंही अनोळखी प्राण्यांची माहिती द्यायचे. पण मूल बोलायला लागलं की एक जण त्याच्याकडे लक्ष दिल्यासारखा वळायचा. दुसरा हलायचा, पण भलत्याच वेळी. मुलं विचारायला पहिल्याकडेच जास्त गेली. चार लोकांत तोंड न उघडणाऱ्या मुलाला असा ऐकणारा मिळणं मला मोलाचं वाटतं. इथे टॅबलेट मागे पडतो.

हाच विश्वास अंगाशीही येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना सारख्या लांबीची रेघ ओळखायची होती. काम अगदी सोपं, पण सोबतचे तीन नाओ एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. अशा फेऱ्यांमध्ये मुलांची जी उत्तरं चुकली, त्यातली ७४ टक्के रोबोटच्याच उत्तराची री ओढणारी होती. मोठी माणसं मात्र बधली नाहीत. त्यामुळे ‘मुलाला रोबोट आवडला’ आणि ‘रोबोट नीट शिकवतो’ यांची गल्लत करू नका. विक्रेते नेमकी तीच करतात.

खर्चाचं म्हणाल तर टॅबलेट बहुतेक घरी असतोच. रोबोटची किंमत द्यावी लागते, आणि मुंबईच्या ‘मिको’सारख्या रोबोटला पूर्ण मजकूर हवा तर वर वर्गणीही. शिवाय कंपनी बुडाली की काय होतं ते अमेरिकेतल्या ‘मॉक्सी’ने दाखवलं. ७९९ डॉलरचा हा रोबोट कंपनीच्या सर्व्हरवर चालायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी गुंडाळायची घोषणा झाली आणि ‘तो आता बोलणार नाही’ हे लेकरांना सांगायची वेळ पालकांवर आली. पुढे घरच्या संगणकावरून तो चालवायचं सॉफ्टवेअर निघालं, पण ती खटपट करणार कोण? ॲप बंद पडलं तर दुसरं टाकता येतं, आणि त्यासाठी कुणी रडत नाही.

माझं मत: मूल तीन वर्षांचं असेल तर दोन्ही बाजूला ठेवा, शेजारी बसून गोष्ट वाचा. पाच-सहाचं आणि बोलकं असेल तर टॅबलेट पुरे. बुजरं असेल तर रोबोटचा विचार जरूर करा, पण तो बाहेरच्या खोलीत, तुमच्या कानावर पडेल असा ठेवा. कॅमेरा-माइकचं रेकॉर्डिंग कुठे साठतं आणि पुसता येतं का, हे आधीच विचारा. डेमो मुलालाच घेऊ द्या, तेही त्याच्या नेहमीच्या अडखळत्या, मराठी वळणाच्या इंग्रजीत. लहान मुलांचं बोलणं ओळखताना ही यंत्रं हमखास अडतात. मूल शब्द शोधत थांबलं असताना रोबोट मध्येच तोडत असेल, तर घेऊ नका.