वाळवंट पार करायचंय : उंट की फोर बाय फोर?

आधी आरामाचा विचार नको. नकाशा उघडा आणि वाटेवर खात्रीचं पाणी मिळण्याच्या दोन ठिकाणांमधलं अंतर मोजा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

हिवाळ्यातसुद्धा एका माणसाला दिवसाला प्यायला ६ लिटर आणि स्वयंपाक वगैरेला २, असं ८ लिटर पाणी धरावं. पाच माणसांना पाच दिवसांचं २०० लिटर, म्हणजे २०० किलो. सॅक पाठीवर टाकून नुसतं पायी जाण्याचा बेत इथेच बाद होतो, कारण एकट्याच्या वाट्याचं पाणीच ४० किलो भरतं.

उंटावर साधारण १५० किलो लादता येतं, म्हणजे नुसत्या पाण्यालाच दोन उंट लागतात. त्याची चाल ताशी ४-५ किलोमीटर, दिवसाची मजल २५ किलोमीटरच्या आसपास. तेव्हा दोन विहिरींमध्ये शंभरेक किलोमीटर असतील तर उंट उत्तम. अंतर त्याहून बरंच जास्त असेल तर गाडी, तीही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी.

गाडीला हे २०० किलो जड नाहीत, फक्त ते टपावर चढवू नका. वजन वर गेलं की वाळूच्या उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. उतार सरळच चढायचा आणि सरळच उतरायचा, आडवा कापायचा नाही. माथ्यावर वेग जवळजवळ संपलेला हवा, कारण वाऱ्याच्या आडोशाची बाजू ३०-३४ अंशांनी तुटलेली असते आणि खालून ती दिसत नाही.

टायरमधली हवा ही सगळ्यात मोठी गोष्ट. डांबरी रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असते, ती वाळूत शिरण्याआधीच १५-१८ वर आणा. टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. तरीही चाक जागच्या जागी फिरू लागलं तर पाय तत्काळ ॲक्सिलरेटरवरून काढा. हट्टाने रेटलेला प्रत्येक सेकंद चाकाला खोल नेतो. मग गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि चाकं नुसती लोंबकळतात. पोटाखालची आणि चाकांच्या मागची वाळू फावड्याने उपसा, हवा १२ पर्यंत उतरवा आणि आल्या चाकोरीवरून हळू मागे या. तिथली वाळू आधीच दबलेली असते. १० च्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटतो. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. मऊ वाळूत इंधन दीडपट ते दुप्पट जळतं, हेही हिशेबात धरा.

उंटाकडे यातलं काही नाही, पण त्याची कुरबुर वेगळी. भाड्याने घेताना खोगीर उतरवायला लावा आणि पाठ बघा. ओली जखम किंवा केस गेलेला लालसर चट्टा असेल तर तो उंट नको. दोन दिवसांत तो चालणं नाकारेल. दोन्ही बाजूंचं ओझं सारखं लागतं, म्हणून वाटेत पाणीसुद्धा आलटून पालटून दोन्हीकडच्या कॅनमधून काढावं. एकाच बाजूचं संपवलं की खोगीर सरकतं आणि घासतं.

उठताना उंट आधी मागचे पाय उचलतो आणि बसताना आधी पुढचे दुमडतो. दोन्ही वेळा स्वार पुढे फेकला जातो, तेव्हा दोन्ही वेळा मागे रेला. एका बाजूचे दोन्ही पाय तो जवळजवळ एकदम टाकतो, त्यामुळे सारखे हेलकावे बसतात; गाडी लागणाऱ्यांना इथेही मळमळतं. तासभर बसा, तासभर चाला, म्हणजे मांड्याही भरून येत नाहीत.

वाळूचं वादळ आलं की उंट बसवायचे, त्यांच्या आडोशाला तोंडावर कापड बांधून बसायचं. गाडी असेल तर उंच, घट्ट जागी थांबा आणि वादळ सरल्यावर एअर फिल्टर झटका. कोरड्या नदीपात्रात मुक्काम दोन्ही प्रकारांत नको. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी तिथे अचानक येतं.

आमचं मत विचाराल तर वाळवंट पाहायचं असेल तर उंट, फक्त सोबतच्या उंटवाल्याला त्या वाटेवरच्या विहिरी स्वतः ठाऊक हव्यात. गाडीच घ्यायची असेल तर किमान दोन घ्या. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते आणि पाणीही गाडीतच असतं. दुसऱ्या गाडीची सोय होत नसेल तर उंट घ्या, किंवा मार्ग छोटा करा.