काश्मीरच्या तळ्यांपर्यंत पळत: पुण्यातल्या एका ग्रुपच्या ट्रेल रनिंग सहलीबद्दल

"पैसे वसूल झाले का?" तळजाई टेकडीवर भेटणारं प्रत्येक माणूस हेच विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. झाले. पण ज्यासाठी भरले होते त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीसाठी.

ग्रुपचं नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रारही आहे आणि ती त्यांच्याशी समोरासमोर बोलून झाली आहे. टेकडीवर नेमाने पळणाऱ्यांना वर्णनावरून ओळख पटेलच.

सहल ट्रेल रनिंगची, म्हणजे डोंगरवाटांवर पळायची, आणि वाट काश्मीर ग्रेट लेक्स या ट्रेकची. सोनमर्गहून निघायचं, निचनाई, गडसर आणि झज या तीन खिंडी ओलांडायच्या, वाटेत विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबळ, नुंदकोल अशी तळी बघायची आणि नारानागला उतरायचं. सगळं मिळून सत्तर किलोमीटरच्या वर. ट्रेकवाले याला साधारण आठवडा घेतात. हे लोक त्याहून कमी दिवसांत नेतात. तंबू आणि मोठी सॅक घोड्यांवर, तुमच्या अंगावर फक्त पळायची वेस्ट, म्हणजे पाणी-खाऊ ठेवायचं खिशांचं जाकीट. दर नेहमीच्या ट्रेकच्या दीडपट. मी सीए आहे, त्यामुळे वरचे पैसे कुठे जातात हे फोनवरच विचारलं. उत्तर न अडखळता आलं: माणसं कमी, लीड (सोबत राहून ग्रुपला नेणारे) जास्त, आणि घोडेवाल्यांना लांबलांबचे टप्पे करावे लागतात त्याची वेगळी मजुरी.

जाहिरातीत तळ्याकाठी हरिणीसारखी उड्या मारणारी मुलगी आहे. तिच्यावर जाऊ नका. निम्म्याहून जास्त वाट चालतच जायची असते आणि खिंडीचा चढ तर भलेभले पळत नाहीत. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. आपण राहतो ५६० मीटरवर, आणि सिंहगडाचा माथासुद्धा १,३०० मीटरच्या थोडा वर. म्हणजे तयारी पायांची होते, फुप्फुसांची नाही.

पायांची मात्र त्यांनी नीट करून घेतली. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वर जाऊन लगेच खाली. आठवड्यात वेताळ टेकडी. आणि पावसाळा लागल्यावर कात्रज ते सिंहगड हा तेरा टेकड्यांचा, रात्रीचा ट्रेक. त्यात वेळ कोणी मोजली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला का, एवढंच विचारलं. ज्यांनी "हो" म्हटलं त्यांना उताराचा जादा सराव. चढाचं सगळे बघतात, मांड्या भरून येतात त्या उतारावर. हे मला वर्षानुवर्षं पळूनही कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

आता ज्याचे पैसे वसूल झाले ते.

सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथे आम्हाला दोन रात्री नुसतं बसवलं, आणि निघाल्यावर पहिल्या दिवशी निचनाईच्या बरंच अलीकडे थांबवलं. सकाळी अकराला मुक्काम! ग्रुपमध्ये मॅरेथॉनवाले, अल्ट्रावाले (मॅरेथॉनहून लांब पळणारे), घड्याळाकडे बघत जगणारी माणसं. चेहरे बघण्यासारखे झाले होते. बाणेरचा एक आयटीवाला तर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून वरच्या कुरणाकडे पळत सुटला. आमची लीड पंचविशीतली मुलगी, आवाज न चढवता म्हणाली, "ओ सर, परत या. उद्या पळा." तो हसत पुढे जायला लागला तशी ती उठून त्याच्या मागे गेली, चालतच, आणि त्याला घेऊन आली. मग सगळ्यांना बसवून सांगितलं: फिटनेसने विरळ हवेचा त्रास टळत नाही. उलट पळणारे भराभर उंची गाठतात म्हणून त्यांनाच जास्त जपायचं. ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. डोकं दुखत असेल तर लपवायचं नाही. पहिले दोन दिवस तिच्या पुढे कोणी जायचं नाही.

संध्याकाळी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर. पण नुसत्या आकड्यावर ती विसंबली नाही. जेवलात का, किती पाणी प्यायलात, एका रेषेत टाच-चवडा लावून चालून दाखवा. मला म्हणाली, "काकू, तुमचा आकडा चांगला आहे, पण ताटात भात तसाच आहे. दोन घास खा, मग जा झोपायला." आईनंतर असं मला कोणी बोललं नव्हतं. खाल्ले.

याचा हिशेब तिसऱ्या दिवसापासून लागला. विशनसरच्या मुक्कामानंतर कोणाचं डोकं धरलेलं नव्हतं, आणि गडसर खिंडीकडे चढताना मागे वळून विशनसर आणि किशनसर दोन्ही तळी एकाच नजरेत दिसली तेव्हा फोटो काढण्याइतका दम सगळ्यांत होता. खिंड सुमारे ४,२०० मीटरवर. पलीकडचा उतार सुरुवातीला घसरडा, बारीक दगडांचा. लीड पुढे उभी राहून एकेकाला सोडत होती: "पाय आपटू नका, पटापट टाका. पायाखाली नाही, तीन पावलं पुढे बघा." खाली आलं की गवत लागतं, फुलांनी भरलेलं, आणि पायवाट इतकी मऊ की तिथे पळायचं नाही म्हटलं तरी माणूस पळतो. गडसरच्या पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. ती एवढी वाट मात्र जाहिरातीसारखी. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन.

दुपार उलटायच्या आत खिंड ओलांडायची हाही त्यांचा नियम होता. दुपारनंतर ढग जमतात, विजा होतात आणि माथ्यावर आडोसा नसतो. म्हणून पहाटे निघणं, म्हणून पहाटे चारला चहा. कुरकुर करणाऱ्यांनी घरी राहावं.

तक्रार सतसरनंतरची. झज खिंडीच्या अलीकडे मोठ्या दगडांचा पट्टा आहे. दगडावरून दगडावर जायचं, त्यातले काही हलतात. मी आणि मागचे काही जण तिथे पोचलो तेव्हा शेवटी राहणारा गाइड आमच्यात नव्हता. कोणाचं तरी डोकं दुखत होतं म्हणून तो त्याला घेऊन पुढे गेला होता. बरोबरच केलं त्याने, पण मग आमच्या मागे कोण? वॉकीटॉकी फक्त गाइडांकडे. वाट चुकण्यासारखी नव्हती, आणि एक बकरवाल (तिथले भटके मेंढपाळ) आजोबा मेंढ्या घेऊन येत होते त्यांनी हातानेच दिशा दाखवली. पण पाय मुरगळला असता तर शिट्टी फुंकत बसायची वेळ. दीडपट दर घेणाऱ्यांकडून ही अपेक्षा नाही. पुण्यात परतल्यावर बोलले. पुढच्या तुकडीपासून मागे दोन माणसं ठेवू म्हणाले. बुक करताना हे विचारून घ्या आणि लिहून घ्या.

बाकी बारीकसारीक. सामानाच्या यादीत गेटर (बुटाच्या तोंडावर घालायचं कापडी आवरण) नव्हते, पाहिजेत, नाहीतर उतारावर बुटात खडे जाऊन दर पाच मिनिटांनी बसावं लागतं. सोनमर्गला वेस्ट रिकामी करून तपासली ते छान. लक्ष्मी रोडवरून आणलेलं एक 'वॉटरप्रूफ' जॅकेट बाटलीभर पाणी ओतून तिथेच बाद झालं. जेवण साधं आणि गरम: राजमा, भात, अंडी. वाटेत खायला मात्र एनर्जी जेल आणि बार दिले होते, ते उंचीवर घशाखाली उतरत नाहीत. मी नेलेली राजगिऱ्याची चिक्की आणि दाण्याचे लाडू अख्ख्या ग्रुपने संपवले. झऱ्याचं पाणी कितीही निळंशार दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. क्लोरीनचे थेंब टाकायचे, चव सहन करायची.

शेवटचा दिवस गुडघ्यांचा. गंगाबळहून नारानाग जवळजवळ १,४०० मीटर खाली, त्यातला शेवटचा टप्पा जंगलातून खडा. इथे काठ्या नसतील तर घोडेवाल्यांकडून लाकडी घ्या. लाज कसली? नारानागला उतरल्यावर काश्मीरचा राजा ललितादित्य याच्या काळातली, आठव्या शतकातली मंदिरं आहेत, ग्रुपमधले बहुतेक जण ती न बघता थेट गाडीत जाऊन बसले. तुम्ही पंधरा मिनिटं काढा.

जाणार असाल तर सिम पोस्टपेड घ्या, आपल्याकडचं प्रीपेड तिथे चालत नाही, आणि सोनमर्ग सोडलं की तसंही कुठलंच चालत नाही. लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं, मूळ प्रत जवळ ठेवा. बूट अर्धा नंबर मोठे. आणि पक्कं बिल मागा, मला ते तिसऱ्या आठवणीनंतर मिळालं.